चित्रातल्या चुका दिसल्या, चित्रकार कधी दिसणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इतिहासावरची गाजलेली चित्रं आणि त्यातल्या चुका असा लेख आला होता, तो वाचून हे पत्र लिहायला बसलोय. लेख मेहनतीने लिहिलेला होता त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यात इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकन सैन्याचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन होडीतून डेलावेअर नदी ओलांडतोय त्या चित्रावर चार ओळी होत्या, झेंडा चुकीचा, होडी चुकीची, बर्फ चुकीचा, हलत्या होडीत कोणी असं उभं राहतं का, आणि झालं, पुढच्या चित्रावर उडी. ज्याने ते चित्र काढलं त्याचं नावसुद्धा नव्हतं. मी 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी इंटरमीजिएटला शेकड्याने पोरं बसवली, त्यामुळे चित्राखाली चित्रकाराचं नाव नसलं की मला जेवण जात नाही असं घरचे म्हणतात आणि ते खरं आहे.

त्या चित्रकाराचं नाव इमॅन्युएल लॉयत्झे. जन्म 24 मे 1816, गाव श्वेबिश ग्म्युंड, तेव्हाचं व्युर्टेम्बर्गचं राज्य, म्हणजे आजची जर्मनी. लहानपणीच आईबापांबरोबर जहाजात बसून अमेरिकेला आला, फिलाडेल्फियात वाढला. म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाचं सगळ्यात ओळखीचं चित्र, जे तिथल्या प्रत्येक पोराच्या पाठ्यपुस्तकात असतं, ते एका बाहेरून आलेल्या पोराने काढलेलं आहे, आणि ते अमेरिकेत नाही तर जर्मनीत बसून काढलेलं आहे. ही गोष्ट कळली ना की त्या चुकांचा अर्थच बदलतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, जागा जास्त लागली तर सांभाळून घ्या.

मी हे चित्र प्रत्यक्ष पाहिलंय. मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा सूनबाई आणि नात मला न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये घेऊन गेल्या. अमेरिकन विंगमध्ये दालनामागून दालन ओलांडत जायचं आणि लांबूनच ते दिसायला लागतं, जवळ गेलं की बोलणंच बंद होतं माणसाचं. साडेबारा फूट उंच आणि सव्वाएकवीस फूट लांब. आपल्याकडच्या शाळेच्या वर्गाची आख्खी भिंत डोळ्यासमोर आणा, तेवढं. पुस्तकात आपण ते तळहाताएवढं बघतो त्यामुळे कळत नाही की ती होडीतली माणसं जवळजवळ खऱ्या माणसाएवढी आहेत. मी बराच वेळ वॉशिंग्टनकडे बघितलंच नाही, मी त्या वल्हवणाऱ्यांचे हात बघत होतो. थंडीने आखडलेली बोटं, वल्ह्याला लाकूड धरावं तशी नाही तर जीव धरावा तशी धरलेली. पुढच्या टोकाला एकजण केसाळ टोपी घालून बर्फाचा तुकडा बाजूला ढकलतोय, त्याच्या मागे एक स्कॉटिश टोपीवाला, त्याच्या शेजारी एक काळा माणूस वल्हं मारतोय, मागच्या बाजूला दोन शेतकरी रुंद काठाच्या टोप्या घालून थंडीने अंग चोरून बसलेत, मागच्या टोकाला जंगलातले बंदूकवाले आणि एक मूळ अमेरिकन रहिवासी दिसावा असा वेष केलेला माणूस. एकाचा कपडा दुसऱ्यासारखा नाही. सगळी वेगवेगळ्या ठिकाणची माणसं आणि होडी मात्र एक. हे घरात बसलेल्या माणसाला सुचत नाही, हे त्याला सुचतं ज्याने स्वतः लहानपणी अनोळखी माणसांच्या गर्दीत बसून समुद्र ओलांडलाय. हे माझं मत आहे, कुठल्या पुस्तकातलं नाही, पण मी त्या चित्रासमोर उभा राहून हे मत केलंय आणि ते बदलणार नाही.

आता चुकांचं बघू. चुका आहेत, नाही कोण म्हणतंय. वॉशिंग्टनने नदी ओलांडली ती 1776 च्या 25 डिसेंबरच्या रात्री, आणि चित्रात जो तारे पट्ट्यांचा झेंडा आहे तो ठरला 14 जून 1777 ला, म्हणजे जवळपास सहा महिन्यांनी. चित्रातली होडी फारच लहान आहे, खरं ओलांडणं झालं ते डरहॅम बोटींमधून, त्या लांबलचक आणि उंच कडांच्या मालवाहू बोटी, लोखंडाचं सामान वाहणाऱ्या, आणि घोडे तोफा नेल्या त्या सपाट तराफ्यांसारख्या फेरीबोटीतून. गंमत म्हणजे अशा मालवाहू बोटीत बसायला बाकं नसतात, त्यामुळे त्या रात्री बहुतेक माणसं उभीच असणार, म्हणजे उभं राहण्याची जी चूक सगळे काढतात ती सगळ्यात कच्ची चूक आहे. रात्र होती, वादळ होतं, गारा आणि बर्फ पडत होता, आणि चित्रात पहाट फुटतेय आणि आकाशात चांदणी आहे. नदीतल्या बर्फाचे ते टोकदार उभे सुळके डेलावेअरवर तसे नसतात, तिथं बर्फ सपाट लाद्यांसारखा वाहतो, ते सुळके ऱ्हाईन नदीवरचे असं जाणकार सांगतात, आणि ते बरोबरच वाटतं कारण चित्रकार ऱ्हाईनच्या काठी ड्युसेलडॉर्फला राहत होता, त्याच्या डोळ्यासमोर जी नदी होती ती त्याने काढली. आम्ही मुलांना स्मरणचित्र शिकवताना हेच बघतो, पोरगं जत्रा काढतं ती त्याच्या गावची असते, प्रश्नात कुठल्याही गावचं नाव असलं तरी.

मुलगा मला गाडीने त्या जागेवर पण घेऊन गेला होता. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाच्या मध्ये, ट्रेंटनपासून वर नऊएक मैल, नदीच्या दोन्ही काठांना आता पार्क केलेत आणि दरवर्षी नाताळात लोक जुने कपडे घालून होड्यांमधून ते ओलांडणं पुन्हा करून दाखवतात. नदी तिथं काही फार रुंद नाही. आपल्या कृष्णेच्या पुलावर उभं राहून पलीकडचा माणूस ओळखता येतो तशी. चित्रात मात्र ती समुद्रासारखी वाटते, पलीकडचा काठ लांब धुक्यात. मी काठावर उभा राहून विचार करत होतो की लॉयत्झेने ही नदी एवढी रुंद का केली असेल आणि मला एकच उत्तर मिळालं, की त्याच्या मनातलं पाणी नदीचं नव्हतंच.

त्याचं आयुष्य ऐका म्हणजे पटेल. बाप आजारी पडला तेव्हा हा पोरगा उशाशी बसून राहायचा आणि वेळ जावा म्हणून चित्रं काढायचा, तिथूनच हात बसला. 1831 ला बाप गेला. पंधराव्या वर्षी बाप गमावलेला परदेशातला मुलगा, पाच डॉलरला एक अशी लोकांची पोर्ट्रेट काढून पोट भरायला लागला. पुढे रीतसर थोडं शिक्षण मिळालं, काही चांगल्या माणसांनी चित्रं विकत घेतली, ऑर्डर दिल्या, आणि त्या पैशावर 1840 च्या सुमाराला तो उलट्या दिशेने गेला, अमेरिकेतून जर्मनीला, ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत. ड्युसेलडॉर्फ तेव्हा मोठमोठी ऐतिहासिक चित्रं शिकण्याचं ठिकाण होतं, नाट्य, प्रकाश, घोळक्याची मांडणी, कपड्यांचा अभ्यास, सगळं काटेकोर. पहिल्याच मोठ्या चित्रात त्याने कोलंबस काढला, स्पेनमधल्या सालामांकाच्या विद्वानांपुढे आपलं म्हणणं मांडणारा. म्हणजे बघा, पहिला विषय कुठला घेतला तर समुद्र ओलांडायला निघालेला माणूस.

मग तो दक्षिण जर्मनीत डोंगरांमधून हिंडला, मोडकळीला आलेले किल्ले, एकेकाळची स्वतंत्र शहरं पाहिली, आणि तिथं त्याच्या डोक्यात आलं की स्वातंत्र्य इथून सुरू झालं आणि इथून विझलं, आणि पलीकडे नव्या जगात ते परत पेटलं, तर या सगळ्या प्रवासाची चित्रमालिका करावी. लग्न ड्युसेलडॉर्फलाच केलं, 1845 ला, आणि तिथंच राहिला. अमेरिकेतून शिकायला येणाऱ्या चित्रकारांचा तो आधार झाला, कोणी नवा माणूस आला की याच्या स्टुडिओत पहिली हजेरी. परदेशात आपला एक माणूस असतो ना ज्याच्याकडे सगळ्यांचे पहिले आठ दिवस जातात, तसा. 1848 ला तिथल्या चित्रकारांनी मिळून मालकास्टन नावाचं मंडळ काढलं, मालकास्टन म्हणजे रंगपेटी, त्यात हा पुढे होता.

आणि 1848 हे साल साधं नव्हतं. जर्मनी तेव्हा एक देशच नव्हता, आपल्याकडच्या संस्थानांसारखी डझनावारी राज्यं होती, त्या वर्षी ठिकठिकाणी लोक रस्त्यावर आले, आम्हाला एक देश पाहिजे, संसद पाहिजे, बोलण्या लिहिण्याची मोकळीक पाहिजे. वर्षभर आशा होती आणि 1849 ला सगळं चिरडलं गेलं, कित्येकजण तुरुंगात, कित्येकजण पळून अमेरिकेला. नेमकं त्याच 1849 मध्ये लॉयत्झेने डेलावेअरचं चित्र काढायला घेतलं. का घेतलं असेल? 1776 च्या डिसेंबरात वॉशिंग्टनची अवस्था पण तशीच होती, हरत हरत मागे हटलेलं सैन्य, लोक सोडून चाललेले, सगळं संपल्यासारखं, आणि त्या अंधारातून एका रात्रीत नदी ओलांडून सकाळी ट्रेंटनवर हल्ला आणि विजय. म्हणजे हा माणूस आपल्या हरलेल्या मित्रांना सांगत होता की बघा, यांची पण हीच वेळ आली होती. म्हणूनच चित्रात रात्र नाही, पहाट आहे. आणि झेंडा का आहे तेही कळतं, झेंडा नसता तर जर्मन प्रेक्षकाला कसं कळलं असतं की ही होडी कुठल्या देशाची. चूक म्हणा हवं तर, पण ती हलगर्जीपणाची चूक नाही, सांगायचं काय हे ठरवून केलेली निवड आहे.

अजून एक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही आणि मला ती वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता. ट्रेंटनला वॉशिंग्टनने कोणावर हल्ला केला? तिथं इंग्रजांनी भाड्याने आणलेले हेशियन सैनिक होते, हेशियन म्हणजे जर्मन. त्यांच्या राजांनी त्यांना पैसे घेऊन परक्या लढाईत धाडलं होतं. साधारण नऊशे जण पकडले गेले, त्यांचा सेनापती तिथंच पडला. म्हणजे एक जर्मन जन्माचा चित्रकार, जर्मनीत बसून, जर्मन लोकांच्या डोळ्यासमोर, जर्मन सैनिकांच्या हारीकडे निघालेली होडी रंगवतोय आणि त्यात त्याला विजय दिसतोय. कारण त्याच्यासाठी बाजू रक्ताची नव्हती, राजाने विकलेला माणूस एका बाजूला आणि स्वतःसाठी लढणारा दुसऱ्या बाजूला, एवढंच होतं. दोन देशांचा असलेला माणूसच हे करू शकतो, एका देशाच्या माणसाला हे सुचलं असतं तरी त्याचा हात धजावला नसता.

काम कसं केलं तेही सांगण्यासारखं आहे, आमच्या धंद्यातल्या माणसाला तर फारच. वॉशिंग्टनचा चेहरा त्याने फ्रेंच शिल्पकार हूदाँने केलेल्या पुतळ्यावरून घेतला, हूदाँने वॉशिंग्टनला समोर बसवून काम केलेलं होतं, म्हणजे तिथं त्याने कल्पना चालवली नाही. बाकी माणसांसाठी त्याला अमेरिकन बांधा पाहिजे होता, जर्मन मॉडेल त्याला बुटके आणि आखूड हातापायाचे वाटायचे, म्हणून कोणीही अमेरिकन ड्युसेलडॉर्फला आला की हा त्याला धरायचाच. वर्दिंग्टन व्हिट्रेज नावाचा तरुण अमेरिकन चित्रकार आला, त्याला त्याने सुकाणूवाला म्हणून पण उभा केला आणि वॉशिंग्टन म्हणून पण. वॉशिंग्टनच्या गणवेशाची बरहुकूम नक्कल करून घेतली होती, ती त्याच्या अंगावर चढवली, हातात दुर्बीण दिली, आणि खांद्यावरच्या त्या झग्याच्या चुण्या एका बैठकीत रंगवायच्या होत्या कारण माणूस हलला की चुणी बदलते आणि ती परत तशी पडत नाही. दोन तास तो पोरगा तसाच उभा. काम संपलं तेव्हा तो अर्धमेला झाला होता, मग घशात शॅम्पेन ओतून त्याला सावरला, हे व्हिट्रेजने स्वतः लिहून ठेवलंय. मी म्युझियममध्ये त्या झग्यासमोर खास जाऊन उभा राहिलो. त्या एका झग्यात वारा आहे, ओलसरपणा आहे, जड कापडाचं वजन आहे. वर्गात खुर्चीवर चादर टाकून पोरांना ड्रेपरी काढायला लावायचो मी, त्यातल्या ज्यांनी कोणी हे वाचलं त्यांना मी काय म्हणतोय ते नक्की कळेल.

1850 च्या नोव्हेंबरात स्टुडिओला आग लागली. चित्राची खराबी झाली आणि ते विमा कंपनीच्या ताब्यात गेलं. दीड वर्षाची मेहनत. आणि या माणसाने लगेच दुसरा कॅनव्हास ताणला आणि तेच चित्र पहिल्यापासून परत काढायला घेतलं. मला विचाराल तर त्याच्या आख्ख्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पहिलं जळकं चित्र नंतर दुरुस्त झालं, ब्रेमेनच्या म्युझियममध्ये गेलं, आणि 1942 च्या सप्टेंबरात दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या विमानांनी टाकलेल्या बॉम्बमध्ये कायमचं नष्ट झालं. आज आपण बघतो ते दुसरं. ते 1851 ला न्यूयॉर्कला पोचलं तेव्हा पन्नास हजारांवर लोक बघायला आले, मग मार्शल रॉबर्ट्स नावाच्या धनिकाने दहा हजार डॉलरला घेतलं, तेव्हा ती फारच मोठी रक्कम होती, आणि 1897 ला ते भेट म्हणून मेट्रोपॉलिटनकडे आलं. मूळची फ्रेम मधल्या काळात गेलीच होती. 1864 च्या एका प्रदर्शनातला मॅथ्यू ब्रेडी या फोटोग्राफरने काढलेला जुना फोटो सापडला, त्यात फ्रेम स्पष्ट दिसत होती, त्यावरून कारागिरांनी तशीच कोरीव सोनेरी फ्रेम नव्याने बनवली, वर गरुड वगैरे, आणि 2012 ला चित्र त्या फ्रेममध्ये परत लावलं. एका फ्रेमसाठी एवढं. आपल्याकडे कित्येक चित्रांना ओल लागलीय हे आठवून तिथं उभ्या उभ्या जीव तुटला माझा. याच चित्राची एक छोटी आवृत्ती बरीच वर्षं व्हाइट हाऊसमध्ये लावलेली होती, ती 2022 ला लिलावात साडेचार कोटी डॉलरला गेली, तेव्हा सगळीकडे बातमी आली होती किमतीची.

1859 ला तो अमेरिकेला परत आला. 1861 ला यादवी युद्ध सुरू झालं आणि त्याच उन्हाळ्यात त्याला वॉशिंग्टन शहरातल्या संसदभवनात, कॅपिटॉलमध्ये, जिन्याची आख्खी भिंत रंगवायचं काम मिळालं, 20 फूट बाय 30 फूट, मोबदला वीस हजार डॉलर. विषय पश्चिमेकडे निघालेले स्थलांतरितांचे तांडे. त्यासाठी तो स्वतः कोलोरॅडोच्या डोंगरांपर्यंत जाऊन स्केचेस करून आला, आणि भिंतीवरचं काम टिकावं म्हणून जर्मनीतली एक पद्धत शिकून आला, ओल्या नाही तर वाळलेल्या गिलाव्यावर पाण्यातले रंग लावायचे आणि मग वरून पातळ काचद्रव फवारून ते पक्के करायचे. बाहेर घुमटाचं बांधकाम अजून चालू, राजधानीभोवती युद्ध, आणि आत हा माणूस परातीवर परात रंग घोटतोय. 1862 ला भिंत पूर्ण झाली.

या भित्तिचित्राबद्दल मला खरं तेच लिहायला पाहिजे, आवडत्या चित्रकाराची बाजू घेताना डोळे मिटून चालणार नाही. चित्रात डोंगराच्या खिंडीतून निघालेली माणसं आहेत, दमलेल्या बायका, जखमी पोरं, गाड्यांची चाकं, आणि लांब सोनेरी उजेड. ते सगळं त्याने अगदी आतून काढलंय. सुरुवातीच्या तैलरंगाच्या कच्च्या चित्रात नसलेला एक काळा माणूस त्याने भिंतीवर अगदी समोर आणला, तो खेचरावर बसलेल्या बाईला आणि तान्ह्या बाळाला घेऊन चाललाय, आणि हे गुलामगिरी अजून संपलेली नसताना. पण ज्यांची ती जमीन होती ते मूळचे लोक कुठं आहेत तर चित्राच्या कडेच्या नक्षीत, उजेडापासून दूर सरकणारे, पळणारे. स्वतः निर्वासितासारखा आलेला माणूस, पण ज्यांना आपल्यामुळे जागा सोडावी लागली ते त्याला दिसले नाहीत, किंवा दिसले तरी काठावर दिसले. हे दुखतं. म्हणूनच 2019 ला कॅनडातल्या क्री या मूळ रहिवासी जमातीचा चित्रकार केंट मंकमन याने मेट्रोपॉलिटन म्युझियममध्येच दोन प्रचंड चित्रं लावली आणि त्यातल्या एकात लॉयत्झेचीच होडी घेऊन त्यात मूळचे लोक बसवले, ते मला फार योग्य वाटतं. चित्राला उत्तर चित्राने. असं उत्तर द्यायला सुद्धा पहिलं चित्र कोणाचं, तो कोण होता, हे माहीत असावं लागतं.

लॉयत्झे 18 जुलै 1868 ला वॉशिंग्टनमध्येच उष्माघाताने गेला, वय 52. जाताना गुलामांच्या मुक्तीवरच्या मोठ्या चित्राचा कच्चा आराखडा तयार होता, ते राहून गेलं. त्याचा मुलगा युजीन, जन्म ड्युसेलडॉर्फचा, त्याला राष्ट्राध्यक्ष लिंकनने नौदलाच्या अकादमीत जागा दिली आणि तो पुढे अमेरिकेच्या नौदलात रिअर अ‍ॅडमिरल झाला. बापाने आयुष्यभर होड्या रंगवल्या आणि मुलगा जहाजांवर गेला, दोघंही दुसऱ्या देशात जन्मलेले.

आता हे सगळं मराठी पेपरात कशाला असं कोणी म्हणेल. म्युझियममध्ये माझी नात म्हणाली, आबा हे चित्र आमच्या पुस्तकात आहे, आणि तिने वॉशिंग्टन ओळखला, झेंडा ओळखला, नदीचं नाव सांगितलं. मी विचारलं बाळा काढलं कोणी, तर तिला माहीत नव्हतं. ती पोरगी अमेरिकेत जन्मलेली, तिचा बाप सातारा जिल्ह्यातून तिकडे गेलेला, आणि त्या चित्राचा चित्रकार पण असाच कुठून तरी आलेल्या बापाचा पोरगा, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तिथल्या बाकावर बसून तिला सांगितलं, जेवढं येत होतं तेवढं, अर्धं मराठीत अर्धं इंग्रजीत. मग ती परत चित्राजवळ गेली आणि यावेळी वॉशिंग्टनकडे नाही, त्या वल्हवणाऱ्यांकडे बघत होती.

आपल्याकडे काय वेगळं आहे. शिवजयंती आली की राज्याभिषेकाची चित्रं पेपरात, कॅलेंडरवर, बॅनरवर, मोबाइलवर हजारांनी फिरतात, किती ठिकाणी चित्रकाराचं नाव असतं? चित्रकार एम. व्ही. धुरंधरांनी, कोल्हापुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये आयुष्य घातलेल्या माणसाने, महाराजांचे प्रसंग रंगवताना पोशाख, दागिने, दरबाराची मांडणी यासाठी किती कष्ट घेतले असतील, आणि त्यांचं नाव कापून चित्र छापलं जातं. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी पदरचे पैसे घालून चित्रकारांना कामं दिली, संग्रहालय उभं केलं, मी दरवर्षी पोरांची एसटी भरून तिथं न्यायचो आणि प्रत्येक चित्राखालचं नाव वहीत लिहून घ्यायला लावायचो, पोरं कंटाळायची, पण त्यातले काही आज स्वतः चित्रकार आहेत. लॉयत्झे बाहेरून आलेला होता आणि धुरंधर इथलेच, पण विसर दोघांच्या वाट्याला सारखाच.

त्यामुळे माझी विनंती एवढीच आहे. चुका जरूर छापा, वाचकांना त्या कळल्याच पाहिजेत, मी पण वर्गात चुकाच काढत आलोय. पण ऐतिहासिक चित्र छापाल तेव्हा खाली बारीक अक्षरात का होईना एक ओळ टाका, चित्रकाराचं नाव, काढलं ते साल, आणि मूळ चित्र आज कुठं आहे ते. त्या लेखातल्या चित्राखाली ही ओळ अशी होईल: इमॅन्युएल लॉयत्झे, 1851, मेट्रोपॉलिटन म्युझियम, न्यूयॉर्क. पुढच्या रविवारी दुरुस्ती म्हणून एवढी छापलीत तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा जिल्हा